जस्ताच्या भावात नेलेलं पानदान

गावोगाव फिरून जुन्या वस्तू उचलणाऱ्या आणि ऑनलाइन लिलावात विकणाऱ्या गृहस्थांस,

तुमचं नाव मला माहीत नाही. लिलावाच्या पानावर तुम्ही ते लावत नाही. पण माल मी ओळखला. भालकी तालुक्यातल्या आमच्या गल्लीतल्या काकूंचं बिदरी पानदान. झाकणावर खसखशीची फुलं, कडेला पोचा. तो पोचा मला चांगला ठाऊक आहे, कारण लहानपणी माझ्याच हातून ते ओसरीवरून खाली पडलं होतं.

जस्त आहे, असं तुम्ही काकूंना सांगितलंत आणि जस्ताच्या भावात तोलून नेलंत. बिदरीच्या धातूत जस्तच जास्त, तांबं थोडं. शब्दाला धरलं तर तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण त्यात कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवतात, बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून, उकळून भांड्याला लावतात, मग धातू काळाभोर होतो आणि चांदी तेवढी पांढरी राहते, हे सांगितलं नाहीत. ते सारं लिलावाच्या पानावर लिहिलंत, तेही सुबक भाषेत. म्हणजे माहिती तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. शंभर वर्षांची वस्तू तुम्हाला अंधारात ओळखू येते, मग 'मायबाई' म्हणून जिच्या हातचा चहा प्यायलात तिची फसगत भर दुपारी कशी दिसली नाही?

मी स्वतः नाणी जमवतो, म्हणून हे पत्र. आमच्या भागात हा शोध पायी चालायचा. भालकी, बसवकल्याण, आळंद, आठवडी बाजारांमागून बाजार. कसाराच्या दुकानात मोडीच्या डब्यात हात घालायचा, तळाशी बहमनी तांब्याची नाणी असायची, वजनावर मिळायची. १३४७ मध्ये गुलबर्ग्यात उभी राहिलेली ती सल्तनत. तिथल्या टांकसाळीचं नाव अहसनाबाद, पुढे राजधानी बीदरला गेली तेव्हा मुहम्मदाबाद. सराफाकडे निजामाचे रुपये असत, चारमिनारवाले, मधल्या कमानीत निजाम उस्मान अलीच्या नावातलं पहिलं अक्षर 'ऐन'. ते हाली, आणि इंग्रजांचे ते कलदार. सात हालीला सहा कलदार हा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ होता. नाणं देताना कसार दोन वाक्यं हमखास सांगायचा: अमक्या गावचं आहे, अमक्याच्या शेतात नांगराला लागलं. मी ती कागदाच्या पुडीवर लिहून ठेवायचो. माझ्या संग्रहात नाण्यांपेक्षा त्या पुड्या मोलाच्या आहेत.

तुमच्या लिलावांनी काहीच भलं केलं नाही, असं मी म्हणणार नाही. १९९५ मध्ये ईबे सुरू झालं, मग हा बाजार आपल्या हातातल्या फोनपर्यंत आला. औरादचं पोरगं आज लंडनच्या संग्रहालयातला बिदरी हुक्का घरबसल्या पाहतं. पूर्वी दुर्मिळ म्हणून खपवलेली पुष्कळ नाणी शेकड्यांनी विक्रीला दिसू लागली आणि त्यांचा भाव उतरला. खरोखर दुर्मिळ होती ती आमच्यासारख्यांच्या हाताबाहेर गेली. हे मी मान्य करतो. भाव सगळ्यांना कळावा, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो काकूंना कळला का? त्यांच्यापर्यंत भलतंच पोचलं. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं, ट्रॅक्टरची नोट लाखोंना जाते, अशा अफवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपल्या नावानं पैसे उकळले जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये द्यावा लागला. काकूंनी ते पाच रुपये देव्हाऱ्यात जपून ठेवले आणि पानदान तुमच्या तराजूत टाकलं. त्या अफवांवरच तुमचा धंदा चालतो.

आणि नाण्यांचं काय करता, तेही मी पाहिलं आहे. शेतात गाडगं सापडतं. एकत्र असेल तर ते कुणी, कधी, कोणत्या भीतीनं पुरलं याचा माग लागतो. तुम्ही ते फोडून एकेक नाणं वेगळं विकता, चकाकावं म्हणून आम्लात बुडवून घासता, शतकांची कळा धुऊन टाकता आणि खाली लिहिता: 'दख्खन'. भीमा-मांजऱ्याकाठचं एवढंसं गाव तुमच्या हातून पुसलं जातं, ते कोणतीच बोली परत आणत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपुढच्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमच्या पानावर 'परदेशी पाठवतो' असं ठळक अक्षरांत आहे.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थामार्फत बोली लावून ४७ लाख १५ हजार रुपयांना ती सोडवून आणली. मला आनंद झाला, रागही आला. आपलीच वस्तू आपण विकत घ्यायची. तलवारीला राजाचं नाव होतं म्हणून सरकार धावलं. पानदानासाठी कोण धावणार? बिदरी कलेतल्या शाह रशीद अहमद कादरींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण बीदरच्या गल्लीत आज बिदरी घडवणाऱ्याशी नव्या भांड्याच्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारा खरेदीदार जुन्या भांड्यावर शेवटच्या दहा सेकंदांत हजारोंनी चढतो, हे मला पाहवत नाही.

पानदान आता गेलं. ज्यानं घेतलं त्याला एवढं कळवा: ते भालकी तालुक्यातलं आहे. पोचा ओसरीवरून पडल्याचा आहे. आतल्या कप्प्यात चुन्याच्या डबीशेजारी लेकीच्या लग्नातली सुपारी असायची. हे कागदावर लिहून वस्तूबरोबर ठेवायला सांगा. काकूंचा हिशेब वेगळा आहे, तो द्यायला स्वतः या. घर तुम्हाला माहीत आहे.

भालकीचा एक नाणेसंग्राहक