मान्यवर सावलीत

नाशिक जिल्ह्यात थंडी पडते ती फक्त निफाडला, असा वर्तमानपत्रांचा समज आहे. कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजतात आणि आमच्याकडे मोजत नाहीत. आमचं गाव तिथून फार लांब नाही, दातही तितकेच वाजतात. पण त्यांची कुठे नोंद नाही. तर अशा बेनोंद थंडीत २६ जानेवारीला मी संचलन बघायला गेलो. भाचीचं लेझीम होतं.

मुख्य ध्वजवंदन सव्वानऊला. साहेबांचे सव्वानऊ म्हणजे मुख्याध्यापकांचे आठ आणि वर्गशिक्षकांचे सात. वेळ अशी एकेक पायरी उतरत चौथीतल्या भाचीपर्यंत पोचली तेव्हा सहा वाजले होते. पहाटेच्या लोखंडी साखळीला कधी हात लावून बघा. लेझीम तिला वाजवावं लागत नव्हतं. हात थरथरत होते, ते आपसूक वाजत होतं.

गणवेशावर स्वेटर नको, शोभा जाते, असा आदेश होता. आयांनी तो अक्षरशः पाळला आणि स्वेटर गणवेशाच्या आत घातले. काहींनी दोन-दोन. एरवी काडीसारखी दिसणारी पोरं त्या दिवशी तालमीतून आल्यासारखी वाटत होती. फक्त कोपर वाकेना, त्यामुळे सलामी खांद्यापाशीच थांबायची.

गावाभोवतीच्या द्राक्षबागांत मात्र रात्रभर शेकोट्या होत्या. गारठ्याने मणी तडकतात, म्हणून बागायतदार जागून धूर करतात, पहाटे ठिबक सोडतात. द्राक्षं निर्यात होतात. पोरं होत नाहीत.

पण खरी गंमत मांडवाची. आमच्या मंडपवाल्याकडे मांडव एकच, मे महिन्यातल्या लग्नाचा. मान्यवरांना ऊन लागता कामा नये, हे त्याच्या तीन पिढ्यांचं ब्रीद. पूर्वेकडची कनात तर त्याने खास आवळून बांधली होती, कारण ऊन तिकडूनच येतं. आत सात सोफे, रात्रभर दव प्यायलेले. साडेआठला ऊन शाळेच्या कौलांवरून घसरत मैदानात आलं ते थेट पोरांच्या अंगावर. मान्यवर सव्वानऊला आले आणि मानाने गारठ्यात बसले.

१५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. २६ जानेवारीला तो वर बांधलेलाच असतो, फक्त फडकवायचा. म्हणजे सगळी भिस्त गाठीवर. ती तिसऱ्या हिसक्याला सुटली, झेंडूच्या पाकळ्या पडल्या. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. तेवढा वेळ एकही पोर हललं नाही. हे मी स्वतः पाहिलं, नाहीतर मला खरं वाटलं नसतं.

मग सत्कार. सत्काराची शाल एरवी घडीही न मोडता पुढच्या सत्काराला जाते. यंदा ती गळ्यात पडताच सातही जणांनी कानावरून घेतली.

प्रमुख पाहुण्यांना पुढे आणखी कार्यक्रम होते, म्हणून संचलनाआधीच भाषण. ते लाहोरपासून निघाले. १९२९ च्या डिसेंबरात रावीकाठी पूर्ण स्वराज्याची घोषणा, १९३० च्या २६ जानेवारीला पहिला स्वातंत्र्यदिन, त्या तारखेचा मान राखायला १९५० पर्यंतचा धीर. खरं होतं ते. पण घटना २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारली होती. तेव्हाच उरकलं असतं तर निदान स्वेटर एक पुरला असता, असा देशद्रोही विचार माझ्या मनात येऊन गेला.

भाषण रावी ओलांडत होतं तोवर माजी उपसभापतींना फोन आला. ते बोलत बोलत उन्हात गेले, ते परत आलेच नाहीत. मग दुसऱ्यांना आला. मग तिसऱ्यांना. फोन न वाजताही येऊ लागले. दहा मिनिटांत सगळे कवायतीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ऊन खात उभे. पाहुणे मात्र मांडवातच अडकले, माईकची वायर तेवढीच होती. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं आणि १९३० वरून थेट ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’वर आले.

संचलन सुरू झालं तेव्हा तेही भिंतीपाशी पोचले होते. पथकं ऐटीत मांडवासमोर आली. ‘दहिने देख!’ आरोळी उठली. सगळ्या माना एका झटक्यात उजवीकडे वळल्या. सोफ्यांवर सात श्रीफळं ओळीने बसली होती. पोरांनी त्यांना खांद्यापर्यंत सलामी दिली.