नुसतं बघायला

लग्नाच्या पंगतीत सर्व्हर ॲडमिन ओळखू येतो तो फोनवरून. बाकीच्यांचे फोन खिशात. याचा मात्र पानाच्या डाव्या अंगाला, मिठा-लिंबाच्या शेजारी, उताणा ठेवलेला. वाढपी मसालेभात घेऊन वाकला की हा आधी फोनवर हात धरतो, मग पानावर. घरच्या कालनिर्णयावर संकष्टीच्या चौकटीत लाल पेनाने 'ऑन-कॉल' लिहिलेलं असतं, आणि त्या आठवड्यात गडावर जायचा विषय घरात कोणी काढत नाही. वर रेंज जाते.

मामांच्या लेखी तो 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. त्यामुळे गणपतीत आरती आटोपली, की प्रसादाबरोबर त्याच्यासमोर बिघडलेला प्रिंटर येतो. तो हात लावत नाही. शेकडो सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला प्रिंटरची मनापासून भीती वाटते, हे मामांना काही केल्या पटत नाही.

तर हे ॲडमिनराव. चाळिशीचे, नोकरी हिंजवडीला, फ्लॅट वाकडला, अंगात कुठल्याशा परिषदेत फुकट मिळालेला टी-शर्ट. बोलणं बेताचं. ज्युनियर पोरांशी त्यांचा संवाद तीन वाक्यांत भागतो : 'लॉग बघितलास?', 'काल काय बदललं?' आणि 'हात लावू नकोस.' तिसऱ्याचा वापर रात्री जास्त.

रात्री दोनला, म्हणजे न्यू जर्सीतल्या क्लायंटची दुपार कलत असताना, फोन वाजतो.

"सर, बॉक्स मेलाय. लोड दोनशेच्या वर. टॉपमध्ये सिस्टीमडी-यूडेव्हडी शंभर टक्के. किल मारू?"

"मारून झालं असेल."

"...तीनदा, सर. परत येतोय."

"येणारच. आता हात लावू नकोस."

ज्युनियरचं चुकलं असं नाही. त्याने 'किल मायनस नाइन' हे ब्रह्मास्त्र कॉलेजातच शिकून घेतलेलं असतं. पण यूडेव्हडीच्या सेवेत 'पडला तर लगेच पुन्हा उठव' असं लिहूनच ठेवलेलं आहे. रीतसर बंद करायला जावं तर सगळ्या सेवा सांभाळणारं सिस्टीमडी नम्रपणे बजावतं, की बंद करतो, पण याचे दोन सॉकेट उघडे आहेत, त्यांतून कोणी हाक मारली तर हा जागा होईल. शिवाय लोड दोनशे म्हणजे दोनशे जण काम करताहेत असंही नाही. लिनक्स त्या आकड्यात डिस्कची वाट बघत ताटकळलेल्यांनाही धरतं. त्या अवस्थेला 'डी स्टेट' म्हणतात. तिथे अडकलेल्या प्रोसेसला मायनस नाइनही लागू पडत नाही. तो निरोप तिला वाट बघून झाल्यावर मिळतो.

यूडेव्हडी म्हणजे लिनक्स सर्व्हरच्या गेटवरचा वॉचमन. डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, काहीही आलं, गेलं किंवा बदललं की कर्नल बेल वाजवतो. त्या बेलचं नाव यूइव्हेंट. वॉचमन नियमांची वही उघडतो. काही नियम छापील आलेले, काही सोसायटीने आपल्या अकलेने वाढवलेले, आणि दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असली तर सोसायटीची चालते. त्या नियमांबरहुकूम तो आलेल्याला ओळख देतो, कोणाला दार उघडायचं ते ठरवतो, आणि 'हा आला की त्याला फोन करा' असं लिहिलेलं असेल तर तेही करतो. गर्दी वाढली की मदतीला पोरं बोलावतो; त्यांना वर्कर म्हणतात. एकाच पाहुण्यापाशी एखादं पोर तीन मिनिटं घुटमळलं तर त्याला सरळ घालवून देतो. असा माणूस रात्री दोनला घामाघूम होऊन धावतोय, आणि बाकीचे म्हणतात, वॉचमन बदला! बेल कोण वाजवतंय ते बघायला गेटपर्यंत कोणी जात नाही.

ॲडमिनराव जातात. पण त्याआधी चहा. चहा उकळेस्तोवर ज्युनियरला इतिहास ऐकावा लागतो, कारण हा विषय निघाला की ॲडमिनरावांचं बेताचं बोलणं सुटतं. पूर्वी डेव्ह या फोल्डरमध्ये हजारो नावं आधीच मांडून ठेवलेली असत, मग ती वस्तू मशीनला जोडलेली असो वा नसो. पुढे डेव्हएफएस आलं, ते कर्नलच्या आत बसून नावं वाटू लागलं आणि त्यावरून भांडणं झाली. 2003 साली ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं आणि नावं ठेवण्याचं काम कर्नलबाहेर काढलं. 2012 च्या एप्रिलात यूडेव्ह सिस्टीमडीच्या घरात राहायला गेलं. ते न पटलेल्या जेंटू लिनक्सवाल्यांनी त्याच वर्षी यूडेव्हचीच वेगळी चूल मांडली आणि तिला नाव दिलं ईयूडेव्ह. त्याच वर्षी फर्मवेअर लोड करण्यावरून खुद्द लिनस टोरवाल्ड्स यूडेव्हवाल्यांवर असे भडकले, की कर्नल 3.7 पासून ते काम कर्नलनेच स्वतःकडे घेतलं. ही सगळी भाऊबंदकी ॲडमिनराव अशा तपशिलाने सांगतात, की वाटावं वाटणीच्या कागदांवर साक्षीदार म्हणून यांचीच सही आहे.

त्यांच्या पोतडीत जुन्या केसेसही आहेत. सेंट-ओएस 6 या लिनक्सच्या काळातली एक त्यांची विशेष लाडकी. तेव्हा यूडेव्ह नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता एका फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवायचं : हा पत्ता म्हणजे ईथ-झिरो. मग कोणीतरी त्या व्हर्च्युअल मशीनचा क्लोन काढे. क्लोनला नवा मॅक मिळे, पण वहीतली नोंद जुन्याचीच. ईथ-झिरो ही जागा भरलेली बघून यूडेव्ह नव्याला ईथ-वन करून टाकी. आयपी पत्ता ईथ-झिरोला लिहिलेला, कार्ड ईथ-वन म्हणून उभं, आणि मशीन चालू असूनही जगापासून तुटलेलं. त्या एका फाइलने अर्ध्या पुण्याच्या रात्री खाल्ल्या. औषध काय, तर ती फाइल पुसून रीबूट. हे माहीत असलेला माणूस त्या काळी प्रत्येक मजल्यावर एखादाच असे, आणि नेमका तो कँटीनमध्ये असे.

दुसरी केस सीडीची. सर्व्हरच्या पोटात देखरेखीचा एक छोटा संगणक वेगळा असतो. महाप्याच्या डेटा सेंटरमधल्या मशीनला वाकडहून कीबोर्ड आणि सीडी जोडल्याचा भास तो निर्माण करतो. तोच भंजाळला की ती नसलेली सीडी जोडतो, काढतो, जोडतो, काढतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, यूएसबी उपकरणाचा क्रमांक चढत जातो, आणि वॉचमन इथे दमतो. ज्युनियर सर्व्हर रीबूट करायला निघालेला असतो; ॲडमिनराव फक्त तो छोटा संगणक रीसेट करतात आणि झोपायला जातात.

मोठ्या स्टोरेजच्या मशीनबद्दल ते फार बोलत नाहीत. बूट होताना हजारो डिस्कमार्ग एकदम गेटवर आले आणि वॉचमनने जास्तीत जास्त पोरं बोलावली, तर चेंगराचेंगरी त्या पोरांचीच होते. मग पोरांची संख्या कमी करावी लागते. हे मॅनेजरला समजावून सांगणं हे खरं काम.

चहा होतो. आजच्या बॉक्सवर ॲडमिनराव 'यूडेव्हॲडम मॉनिटर' लावतात. पडद्यावर ओळी धावतात आणि सगळ्या एकाच डिस्कच्या : चेंज, चेंज, चेंज. डिस्क आली नाही, गेली नाही. नुसती 'बदलतेय', सेकंदाला कितीतरी वेळा.

"काल काय बदललं?"

"काही नाही, सर."

ॲडमिनराव गप्प राहतात. या प्रश्नाचं पहिलं उत्तर कधीच खरं नसतं, हे त्यांना ठाऊक आहे.

"म्हणजे, ती इन्व्हेंटरीची स्क्रिप्ट अपडेट झाली फक्त. पण ती काही करत नाही, सर. नुसतं बघते."

इथे ॲडमिनरावांचा चेहरा उजळतो. सोसायटीच्या वहीत शेवटी '99' ने सुरू होणारी एक फाइल निघते. नियम असा, की कुठलीही डिस्क बदलली की ही स्क्रिप्ट चालवा. वर शेरा : 'टेम्पररी'. लिहिणारा तीन वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. नियम इथेच राहिला. तीन वर्षं स्क्रिप्ट डिस्क फक्त वाचायला उघडत होती, म्हणून सगळं निवांत होतं. नव्या आवृत्तीत ती लिहायच्या परवानगीने उघडू लागली. लिहिलं काहीच नाही. उघडली, पाहिली, बंद केली. पण यूडेव्ह डिस्कवर पहारा ठेवून असतं. लिहिण्यासाठी उघडलेली डिस्क कोणी बंद केली, की आत काहीतरी बदललं असणार असं धरून ते कर्नलला 'चेंज'ची बेल वाजवायला लावतं. बेल वाजली की नियम, नियमाने स्क्रिप्ट, स्क्रिप्टने पुन्हा डिस्क उघडून बंद, आणि पुन्हा बेल. हा गोंधळ मोठमोठ्यांच्या घरी झालेला आहे. पार्टेड हे पार्टिशन बघायचं नावाजलेलं साधनही एके काळी नुसता तक्ता छापायला डिस्क लिहिण्यासाठी उघडायचं आणि उगाच बेल वाजवायचं. ते पुढे सुधारलं.

ॲडमिनराव वॉचमनला मारत नाहीत. 'स्टॉप-एक्झेक-क्यू' असा एक हुकूम आहे : बेल ऐक, वहीत लिही, पण जागचा उठू नकोस. तो देतात. मशीन श्वास घेतं. मग टोरांटोवाली फाइल बाजूला, नियम रीलोड, आणि वॉचमनला पुन्हा मोकळीक. सगळं मिळून चार ओळी टाइप केलेल्या. ज्युनियर वहीत उतरवून घेतो. किल मारण्यात जी मर्दुमकी वाटते ती यात वाटत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

या चार ओळींना दहा मिनिटं पुरली असती. लागला दीड तास. कारण मधल्या काळात 'ब्रिज कॉल' उघडला गेला. त्यात डिलिव्हरी मॅनेजर आले, क्लायंट मॅनेजर आले, डेटाबेसवाले आले, नेटवर्कवाले 'आमच्याकडे सगळं हिरवं आहे' एवढं सांगून म्यूट झाले. प्रत्येक जण नुसतं बघायला आलेला. दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारी, "एनी अपडेट?" मग ॲडमिनरावांनी टर्मिनल सोडून स्टेटस लिहायचं, ते मेलने चाळीस जणांना जायचं, त्यांतले दोघे नव्याने कॉलवर यायचे आणि सुरुवातीपासून विचारायचे. लोड उतरू लागल्यावर क्लायंट मॅनेजरांची शंका : "पण पंधरा मिनिटांचा आकडा अजून एकशे चाळीस का दाखवतोय?" तो पंधरा मिनिटांचा आहे, म्हणून, असं ॲडमिनरावांनी इंग्रजीत, सरांना 'सर' म्हणत सांगितलं.

सोमवारी रूट कॉज ॲनालिसिसची बैठक. कारणाच्या रकान्यात ज्युनियरने आधी 'यूडेव्हडी हँग' लिहिलं होतं. ॲडमिनरावांनी ते खोडायला लावलं. 'पुन्हा होऊ नये म्हणून' या रकान्यापाशी डिलिव्हरी मॅनेजर पुढे सरसावले. त्यांनी सुटीत विचार करून ठेवला होता. एक डॅशबोर्ड हवा. दर दहा सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरवरची प्रत्येक डिस्क तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट.

"काही करणार नाही ती," ते म्हणाले. "नुसतं बघेल."

"उघडणार कशी?" ॲडमिनरावांनी विचारलं.

"म्हणजे?"

ॲडमिनराव उठले आणि व्हाइटबोर्डवर मार्कर चालतो का ते बघू लागले.