2047चा प्रयोग

15 नोव्हेंबर 2023ला झारखंडमधल्या खुंटीहून विकसित भारत संकल्प यात्रा निघाली आणि पडदा लावलेल्या गाड्या देशभर भविष्य दाखवत फिरल्या. मुहूर्त तेवढा बघायचा राहिला. चंद्रपूरच्या मूल तालुक्यात हे दिवस धानाचे. बांधीत कडपा पडलेल्या, पुंजणे रचायचे, वर आभाळ भरलेलं. अशात हात पुढे करून 2047पर्यंत भारत विकसित करायची शपथ घ्यायची. घेतली लोकांनी, शपथेला पैसे थोडेच पडतात!

2025च्या पावसाळ्यात विकसित महाराष्ट्राविषयी क्यूआर कोडवर मतं मागवली गेली. तेव्हा इकडे रोवणी. दोन्ही हात चिखलात, मोबाइल धुऱ्यावर पिशवीत गुंडाळलेला.

लोकांना भविष्याचं वावडं आहे असं मुळीच नाही. ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठेत एआयचे कॅमेरे बसले, वाघ दिसला की इशारा देणारे. ते तंत्रज्ञान समजावायला गाडी फिरवावी लागली नाही.

तरीही प्रचारच करायचा, तर झाडीपट्टी नाटकवाल्यांकडे शिकवणी लावावी. लोक तिकीट काढून, थंडीत शाल पांघरून पहाटेपर्यंत बसतात. अटी किरकोळ: यंत्रमानव चालेल, पण त्याला सासू हवी, मरताना गाणं हवं आणि मध्ये एक लावणी. वाघाचा प्रश्न पहिल्याच अंकात मिटवावा, नाहीतर प्रेक्षक मिटवायला लावतील. बुकिंग वडशाला होतं. दिवाळीआधीच गाठा, नंतर तारखा मिळत नाहीत.