फॉल-पिको

‘ऑक्टोबरात या, तेव्हा फॉल पीकला असतो,’ असं फॉलकर म्हणाला तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि शेजारी मावशी गवार मोडत बसल्या होत्या. ‘फॉल-पिको करायला शिकागोला कशाला जायचं?’ त्या म्हणाल्या, ‘लक्ष्मी रोडला दोन तासांत करून देतात.’

फॉलकर हे अर्थातच त्याचं खरं आडनाव नव्हे. इंजिनिअरिंगला आमच्याबरोबर होता तेव्हा झाडांपैकी त्याला फक्त कॉम्प्युटरच्या पुस्तकातलं बायनरी ट्री ठाऊक होतं. २५ वर्षं नेपरव्हिलमध्ये काढल्यावर त्याचा फॉलकर झाला. आणि असा तो एकटाच नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट, इंडियानापोलिस, मिनीआपोलिस, जिथे जिथे मेपलची झाडं आणि गणपती बसवणारं मंडळ एकत्र नांदतं तिथे तिथे किमान एक फॉलकर सापडतो. वर्षाचे साडेअकरा महिने तो चारचौघांसारखा असतो. घराचे हप्ते भरतो, मुलीला पोहायला सोडतो, कॉस्टकोतून अख्ख्या वाड्याला पुरेल एवढं दही आणतो. सप्टेंबर सरला की त्याच्या अंगात येतं.

याचं कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. न्यूयॉर्कवाल्याकडे लिबर्टीचा पुतळा आहे, कॅलिफोर्नियावाल्याकडे गोल्डन गेट आहे. त्यांच्याकडे पाहुणे न बोलावता येतात. इलिनॉयवाल्याकडे काय? शिकागो शहर सोडलं की मका, मक्यानंतर सोयाबीन, आणि दोहोंच्या मधून पट्टीने आखलेला रस्ता. अख्ख्या राज्यातलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण म्हणजे चार्ल्स माउंड, उंची १,२३५ फूट. पुणं समुद्रसपाटीपासून १,८०० फुटांच्या वर आहे. म्हणजे सदाशिव पेठेतला माणूस तळमजल्यावरच्या न्हाणीघरात असतानासुद्धा इलिनॉयच्या शिखरापेक्षा उंचावर असतो. (ही गोष्ट पुणेकरांना सांगायला नको होती, पण आता लिहून झालं.) अशा सपाटीवर देवाने फॉलकरला वर्षातून पंधरा दिवस दिलेत, फॉलचे, म्हणजे गळण्याआधी पानं रंगण्याचे. त्या पंधरा दिवसांवर तो उरलेल्या वर्षाची अब्रू सांभाळतो.

त्यामुळे त्याचा अभ्यास दांडगा. विस्कॉन्सिनचं पर्यटन खातं कुठल्या काउंटीत पानं किती टक्के रंगली याचा अहवाल देतं. जुलैत पुणेकर जसा सकाळी उठून खडकवासला किती टक्के भरलं ते बघतो, तसा फॉलकर हे आकडे बघतो आणि न विचारता वाचून दाखवतो. ‘वर ऐंशी टक्के झालंय! आपल्याकडे अजून चाळीसच.’ फॉलकरवहिनी पोळ्या लाटता लाटता ‘हं’ म्हणतात. त्यांच्या त्या ‘हं’मध्ये २५ ऑक्टोबर साठलेले आहेत.

पहिल्या रात्री तीन वाजता मावशींना टक्क जाग आली. भारतात तेव्हा दुपारचा दीड, म्हणजे पोटाच्या हिशेबाने जेवणाची वेळ. चहा करावा म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या तर अंधारात फॉलकर बसलेला, तोंडावर फोनचा निळा उजेड.

‘वारा सुटलाय मावशी. चाळीस मैलांचे झोत येणार म्हणतायत.’

‘मग? वाळवण बाहेर राहिलंय का?’

‘पानं हो! पानं गळतील सगळी.’

‘गळू देत की. तुझी आहेत का ती?’

यावर तो काही बोलला नाही म्हणे. सकाळी मावशींनी आम्हाला सांगितलं, ‘आमच्याकडे तासगावला अवकाळीच्या रात्री द्राक्षवाले असेच बसतात. पीक, पीक करत होता बिचारा. त्याला आधी चहा दिला, मग माझा केला.’

वाऱ्याने तसं फार नुकसान केलं नव्हतं, पण फॉलकरने धसका घेतला तो घेतलाच. सकाळी सातला त्याने गॅरेज उघडलं. तिथे पाहुण्यांच्या जॅकेटांची मांडणी आहे. मुलांची लहान झालेली, कंपनीत फुकट मिळालेली, आधीच्या पाहुण्यांनी विसरलेली, सगळी मापाप्रमाणे टांगलेली. मला त्याच्या मुलाच्या शाळेच्या बँडचं जॅकेट आलं, पाठीवर ‘ट्रॉम्बोन’ लिहिलेलं. मावशींच्या इरकलीवर ‘शिकागो बेअर्स’चा गडद निळा स्वेटशर्ट चढला. त्यावर त्यांनी पदर घेतला आणि आरशात बघून ‘बरं दिसतंय’ म्हणाल्या. मागच्या सीटवर डबे लागले: तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दोन थर्मास चहा. मिनीव्हॅन निघाली.

पहिला मुक्काम लाइलचं मॉर्टन आर्बोरेटम. मिठाच्या धंद्यात पैसा केलेल्या जॉय मॉर्टन यांनी १९२२ साली ही झाडांची बाग उभी केली. आजही त्या कंपनीच्या डब्यावर छत्रीवाली मुलगी मीठ सांडत चाललेली असते. ‘म्हणजे या झाडांनी त्यांचं मीठ खाल्लंय,’ मी म्हणालो. फॉलकर हसला नाही. त्याचं लक्ष एका शुगर मेपलकडे होतं. तो अर्धा लाल होता आणि अर्धा ठार हिरवा. पाहुण्यांसमोर पोराने गाणं म्हणायला नकार दिला की बापाचा चेहरा होतो तसा फॉलकरचा झाला. ‘एरवी पूर्ण होतो हो हा,’ तो म्हणाला. ‘परवा आलो होतो तेव्हा यापेक्षा चांगला होता.’ परवा आला होता! आम्ही विमानात होतो तेव्हा हा पुढे जाऊन झाडांची तालीम घेऊन आला होता.

मग झाडाखाली शास्त्र झालं. पानातला हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, दिवस लहान झाले की झाड मोडीत काढतं. पिवळा त्याच्या मागे आधीपासूनच असतो, तो उघडा पडतो. लाल मात्र बऱ्याच अंशी त्या वेळी नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की पानात साखर साठते आणि लाल खुलतो.

‘साखर वाढली की लाल होतात?’ मावशींनी विचारलं.

‘बरोब्बर!’

‘आमचे डॉक्टर होतात तसे.’

शास्त्र तिथेच आटोपलं.

दुपारी सफरचंदाची बाग. इथे आपण पैसे भरायचे, रिकामी पिशवी घ्यायची आणि दुसऱ्याच्या बागेत मजुरासारखी तोडणी करायची. मावशींनी हा व्यवहार मला दोनदा समजावून सांगायला लावला. ‘म्हणजे रोज आपण द्यायचा?’ त्या शेतकऱ्याकडे त्यांनी ज्या आदराने पाहिलं, त्या आदराने त्यांनी शिकागोच्या एकाही इमारतीकडे पाहिलं नाही. हनीक्रिस्प हे फॉलकरचं लाडकं सफरचंद. मिनेसोटा विद्यापीठाने तयार करून १९९१ साली बाजारात आणलेलं, चावलं की पापडासारखं वाजणारं. ते संपलं होतं. ‘मागच्या आठवड्यात होतं,’ बागवाला म्हणाला आणि फॉलकरने कपाळाला हात लावला. सफरचंदाच्या रसातले, साखरेत घोळलेले गरम डोनट मात्र होते. ते आम्ही प्रत्येकी चार खाल्ले. मावशींनी साखर झटकून पाच.

शेजारीच मक्याचा चक्रव्यूह. उभ्या मक्यात वाटा कापलेल्या, आत शिरून हरवायचं आणि बाहेर यायचं, त्याचंही तिकीट. मावशी आत गेल्या आणि सहा मिनिटांत पलीकडून बाहेर आल्या. ‘सरी कुठली ते बघायचं आणि चालायचं,’ एवढंच म्हणाल्या. फॉलकर नकाशासकट पाऊण तास आत होता.

येताना भोपळा घेतला. अमेरिकेत सगळ्यांत जास्त भोपळा इलिनॉयमध्ये पिकतो, हे आम्हाला गाडीत तीनदा सांगण्यात आलं. संध्याकाळी त्याच्या मुलीने भोपळ्याला डोळे आणि दात कोरले, आतला गर कचऱ्याच्या टोपलीकडे निघाला होता तो मावशींनी वाटेत अडवला. कोरायचा भोपळा पाणचट आणि दोरेदार असतो, त्याचे काही होत नाही, असं वहिनी सांगत होत्या. रात्री घारगे झाले. जरा चिवट होते, पण एकही उरला नाही.

शिकागो शहर फॉलकरने शनिवारी रात्री अडीच तासांत उरकलं. ‘हे काय, वर्षभर असतं,’ असं त्याचं मत. मिलेनियम पार्कातला तो प्रचंड चकचकीत पोलादी राजमा मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरांनी केलाय, हे कळल्यावर मावशींनी त्यात बघून केस सारखे केले. आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीसमोर आम्ही हात जोडले. इथेच १८९३ साली विवेकानंद बोलले. ‘११ सप्टेंबर,’ फॉलकर पुटपुटला. ‘जरा लवकरच आले.’

रविवार हा मुख्य कार्याचा दिवस. पहाटे चारला निघून विस्कॉन्सिनमधल्या डोर काउंटीला जायचं, जाताना पाच तास, येताना पाच. एका बाजूला ग्रीन बे आणि दुसऱ्या बाजूला मिशिगन सरोवर, त्यामधे शिरलेलं जमिनीचं चिंचोळं बोट. वाटेत ताजे चीज कर्ड्स घेतले. चावताना ते दातांखाली चुईचुई आवाज करतात आणि आवाज आला तरच ते ताजे. फॉलकर प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेऊन खात्री करत होता.

सिस्टर बे गावात एक स्वीडिश रेस्टॉरंट आहे. त्याच्या छपरावर गवत वाढवलेलं आहे आणि गवतावर बकऱ्या चरतात. खऱ्या. थंडी पडली की त्या खाली येतात, आमच्या नशिबाने अजून वरच होत्या. सौ.ने त्यांचे ४३ फोटो काढले. मागे एक मेपल पेटल्यासारखा लाल झाला होता. ‘झाड घे ना, झाड!’ फॉलकर ओरडत होता. ‘बकरी मधे येतेय,’ सौ. म्हणाली, पण ती हलवत होती कॅमेरा, आणि झाड चुकवत होती.

मग तो आम्हाला आणखी वर घेऊन गेला, ४२ नंबरचा रस्ता जिथे संपतो तिथे. गाडी थांबवली, आम्हाला उतरवलं आणि काही बोलला नाही. त्याचं न बोलणं हीच मोठी तयारी होती. समोर रस्ता साप गेल्यासारखा डावी-उजवीकडे वळत झाडीत शिरत होता, दोन्हीकडून पिवळ्या-केशरी फांद्या. रस्त्याच्या मधोमध उभी राहून माणसं फोटो काढत होती. दृश्य खरंच सुंदर होतं. पण आम्ही ताम्हिणी, वरंधा, आंबा, सगळे घाट उलट्या दाबत पार केलेली माणसं.

‘वळणं झकास आहेत,’ मी म्हणालो. ‘पण घाट कुठेय?’

‘घाट नाहीये. सपाटच आहे.’

‘मग वळवलाय कशाला?’

‘सुंदर दिसावा म्हणून!’

मावशींनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. ‘सरळ काढला असता तर किती डांबर वाचलं असतं,’ त्या हळूच सौ.ला म्हणाल्या. तेवढ्यात शेजारून एक मराठी आवाज आला, ‘मागच्या आठवड्यात यायला हवं होतं हो तुम्ही.’ वळून पाहिलं तर दुसरा फॉलकर. मिलवॉकीचा. त्याच्यामागे उसन्या जॅकेटांत गारठलेले चार पाहुणे. दोघा फॉलकरांनी बाजूला जाऊन टक्केवारीवर चर्चा केली. आम्ही दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांकडे बघून कसनुसं हसलो आणि पुऱ्या-चिवड्याची देवाणघेवाण केली.

सोमवारी उठलो तर फॉलकर स्वतःच्या अंगणात दाताळं घेऊन उभा. पानं ओढून ओढून खाकी कागदी पिशव्यांत कोंबत होता, पायाने दाबत होता. नऊ पिशव्या भरून रस्त्याकडेला लागल्या होत्या. ‘नुसता वैताग आहे,’ तो म्हणाला, ‘सगळी त्या शेजाऱ्याच्या झाडाची येतात.’ काल ज्यासाठी दहा तास गाडी हाणली ती हीच पानं ना, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या हातात दाताळं होतं.

संध्याकाळी विमानतळावर पासपोर्ट काढताना मावशींच्या पर्समधून घड्या घातलेला टिश्यू पेपर पडला. फॉलकरने उचलला, उलगडला. आत एक पान, लालबुंद, गुलाबीकडे झुकणारं, एक डागही नसलेलं.

‘सुंदर आहे! डोर काउंटीचं का?’

‘नाही रे. तुझ्या गॅरेजपाशी आहे ना ते. रोज पहाटे तुम्ही उठायच्या आधी तिथेच जाऊन बसायचे मी चहा घेऊन.’

फॉलकरने पान डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, आणि त्याचा चेहरा पडला.

‘मावशी, हे बर्निंग बुश आहे! हे झाडसुद्धा नाहीये, झुडूप आहे. इथलंसुद्धा नाही, चीन-जपानकडून आलेलं. उपटणार आहे मी ते पुढच्या आठवड्यात.’

‘पुढच्या आठवड्यात ना?’ मावशींनी पान त्याच्या हातातून काढून घेतलं आणि टिश्यूत गुंडाळलं. ‘म्हणजे आम्ही वेळेत आलो.’