मुतालिकाची नेमणूक

धनी स्वारीवर गेला असता, आजारी पडला असता, अथवा नुसताच वामकुक्षीत असता त्याच्या नावाने शिक्का चालवणारा जो गृहस्थ, त्यास जुन्या दप्तरात मुतालिक म्हणत. आणि आमच्या कंपनीने पुणे, नाशिक, कोल्हापूर व नागपूर या चार कार्यालयांच्या वायफायसाठी गतवर्षी जो दुसरा कंट्रोलर घेतला, तो खरेदीच्या टिपणात 'बॅकअप' म्हणून दाखल झाला असला तरी हुद्द्याने मुतालिकच होय. त्याच्या नेमणुकीसाठी बसलेल्या समितीत मीही होतो. विषयाचे मला काडीइतकेही ज्ञान नसल्यामुळे मी निःपक्षपाती राहीन, असा वरिष्ठांचा अदमास होता.

छताला चिकटलेली जी पांढरी तबकडी आपण धूर हुंगणारे यंत्र समजून सोडून देतो, ती पुष्कळदा वायफायची ॲक्सेस पॉइंट असते. बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाणित नियम १९९७ साली सिद्ध झाले, तेव्हा अशी प्रत्येक तबकडी आपला संसार आपण पाहत असे. पुढे शंभर ठिकाणी शिडी लावून शंभर जणींची समजूत घालण्याचा कंटाळा येऊन कोणा चतुर पुरुषाने त्यांची बुद्धी काढून एका पेटीत ठेवली आणि तबकड्यांकडे आज्ञाधारकपणा तेवढा शिल्लक ठेवला. ही पेटी म्हणजे कंट्रोलर. दोघांमधील पत्रव्यवहाराचे 'कॅपवॅप' नावाचे कलम २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात हुकमांसाठी ५२४६ व मालासाठी ५२४७ असे दोन स्वतंत्र दरवाजे नेमून दिले आहेत. तबकडी साधारण दर अर्ध्या मिनिटाला "सरकार आहेत ना?" अशी विचारणा करते, उत्तर न आल्यास घाईघाईने आणखी काही हाका मारते, आणि तरीही शुकशुकाट असल्यास दुसऱ्या धन्याच्या शोधात निघते.

आमच्याकडे हा धनी पुण्यास. कोल्हापूरच्या हिशेबनिसाने तीन हातांवरच्या प्रिंटरला एक पान छापण्यास सांगितले, की तो कागद प्रथम पुण्यास जातो, तेथे कंट्रोलरच्या नजरेखालून निघतो आणि मग सुमारे सव्वादोनशे किलोमीटर उलट येऊन हिशेबनिसाच्या कोपराशी छापला जातो. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माझ्या तीर्थरूपांस मी हे सांगितले, तेव्हा त्यांना यात आश्चर्य वाटण्याजोगे काही आढळले नाही.

समितीच्या पहिल्याच बैठकीत एका तरुण इंजिनिअरने निवेदन केले की, शाखांतील तबकड्यांना आपापला माल जागच्या जागी मार्गी लावण्याची मुभा सेटिंगमध्येच आहे. ती दिल्यास कंट्रोलर बेपत्ता झाला तरी जोडलेल्यांचे काम चालू राहते, आणि यास छदामही पडत नाही. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग महाव्यवस्थापकांनी चष्मा काढून विचारले, "म्हणजे कोल्हापूरवाले आपल्याला न विचारता काम करणार?" यानंतर काही लाखांचा पर्यायी कंट्रोलर घेण्याचा ठराव चहा येण्यापूर्वी मंजूर झाला. मुतालिक नेमणे हे खर्चाचे काम असते, परंतु मुखत्यारी देणे हे धोक्याचे!

तो बसवावा कोठे, हा पुढला प्रश्न. व्हेंडरच्या मते दोन्ही पेट्या एकाच रॅकमध्ये शेजारी ठेवून मधे एक तार जोडल्यास कारभार निमिषार्धात दुसरीकडे जातो. मात्र ती तार निसटली, तर दोघेही स्वतःला धनी समजू लागण्याचे भय असते. सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांची सरहद्द ठरवण्यास १७३१ साली वारणेचा तह करावा लागला, त्या मुलखातील समितीला हे भय समजावून सांगण्याची जरूर पडली नाही. मुतालिकाची रवानगी नागपुरास झाली.

खरा कस लागला तो मानकऱ्यांच्या यादीत. नागपूरच्या पेटीत साठ तबकड्यांपुरतेच लायसन्स घेतलेले, आणि चारी ठिकाणच्या मिळून शंभरांवर; तेव्हा पंगत अपुरी पडल्यास कोणाला उठवावे हे आगाऊ ठरवणे भाग होते. या यंत्रात तबकड्यांचे चार दर्जे असतात आणि कोणी काही न ठरवल्यास सर्व जणी जन्मतः सर्वांत खालच्या दर्जाच्या असतात, ही समता समितीला एक दिवसही सहन झाली नाही. तीन बैठकांअंती संचालकांचे दालन अव्वल दर्जात गेले (संचालक स्वतः मोबाईलचाच डेटा वापरतात), सभागृहे त्याखालोखाल, आणि कोल्हापूरचे गोदाम, जेथे प्रत्येक खोका वायफायवरच्या स्कॅनरने नोंदल्याशिवाय ट्रकवर चढत नाही, ते शेवटच्या पायरीवर राहिले, कारण तेथून बैठकीला कोणी आलेच नव्हते.

रंगीत तालीम मार्चमध्ये हिशेबतपासणीमुळे, मेमध्ये रजांमुळे आणि जूनमध्ये "चालू आहे ते कशाला बिघडवा" या सनातन तत्त्वामुळे तहकूब झाली.

जुलैतील एका मंगळवारी पुण्याच्या सर्व्हर रूममधील एसी, ज्याच्याखाली रॅकच्या माथ्यावर एक निळी प्लॅस्टिकची बादली कित्येक महिन्यांपासून कायम नेमणुकीवर होती, बादली चुकवून गळू लागला. अकरा वाजून दहा मिनिटांनी धनी मूक झाले. तबकड्यांनी रीतसर हाका मारल्या आणि त्या नागपूरकडे वळल्या. नाशिकच्या तबकड्यांमध्ये मुतालिकाचे नाव भरताना पहिले रोमन अक्षर थोरल्याऐवजी धाकटे पडले होते. देवनागरीने अक्षरांत असला थोर-धाकटेपणा कधी मानला नाही, परंतु यंत्र मानते, त्यामुळे नाशिककर त्या नावाचा धनी शोधत दिवसभर लुकलुकत राहिले. कोल्हापूरच्या तबकड्या पोचल्या, तो मुतालिकाच्या अंगी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती! धन्याची व चाकराची आवृत्ती एकच असावी लागते, म्हणून प्रत्येकीने नागपूरहून नवा पोशाख मागवला, तो चढवला आणि रीबूट होऊन ती हजर झाली. गोदामाचे स्कॅनर पंचवीस मिनिटांत बोलू लागले. एवढ्यात पुण्याची दालने नागपुरास येऊन थडकली, पंगत भरली, आणि गोदामाला पानावरून उठवण्यात आले. गोदामपालाने एका रिकाम्या खोक्याचे झाकण फाडले व त्याच्या पाठीवर बॉलपेनने मालाचे क्रमांक उतरवण्यास प्रारंभ केला.

पावणेपाचला व्हेंडरच्या माणसाने पुण्याच्या पेटीचा पॉवर सप्लाय बदलला. त्याच सुमारास महाव्यवस्थापकांनी चारी शाखांना व्हिडिओवर एकत्र बोलावून (नाशिककर आपापल्या मोबाईलवरून आले) पर्यायी व्यवस्था यशस्वी झाल्याचे जाहीर करण्यास सुरुवात केली होती. परंतु मूळ धनी परतताच मुतालिकाला सोडून माघारी जावे, अशी सेटिंग कारखान्यातूनच चालू येते व ती बंद करण्याचे कोणाच्या ध्यानी नव्हते. त्यामुळे 'आपल्या दूरदृष्टीमुळे' या शब्दांपाशी सगळ्या तबकड्या एकदमच पुण्यास परत फिरल्या आणि जुना पोशाख मागवू लागल्या. पडद्यावर महाव्यवस्थापक अर्धवट उघड्या तोंडाने स्थिर झाले व त्यांच्या कपाळावर एक लहानसे वर्तुळ फिरू लागले. कोल्हापूरच्या गोदामात तोवर झाकण भरले होते. गोदामपाल खोक्याची दुसरी बाजू फाडीत होता.