हे तर आपल्याकडे होतंच!

जगात काही माणसांना नवीन असं काही दिसतच नाही. त्यांना नायगारा दाखवा. ती दोन मिनिटं तुषार अंगावर घेतील आणि विचारतील, ‘महेश्वरची सहस्रधारा पाहिलीयस का?’ वातानुकूलित मॉलमध्ये न्या, त्यांना मांडूच्या चंपा बावडीतली तळघरं आठवतील. बंदरात उभी असलेली दहा मजली बोट दाखवली, तर जहाज महाल तयारच असतो. माझ्या मावशीचे, म्हणजे माईंचे, यजमान, ज्यांना सगळा गोतावळा नाना म्हणतो, ते या जातीचे अर्क आहेत. पुष्पक विमानवाले निराळे. ते पुरावा शोधायला पुराणात तरी जातात. नाना फक्त धरमपुरी तहसिलीत जातात. तहसिलीबाहेरचा पुरावा त्यांना चालत नाही.

धरमपुरी म्हणजे धार जिल्ह्यातलं, नर्मदेच्या उत्तर काठावरचं गाव. पात्रात बेंट नावाचं बेट, बेटावर बिल्वामृतेश्वर महादेव, वर डोंगरावर मांडू. आग्रा-मुंबई रस्ता खलघाटच्या पुलावरून परस्पर पलीकडे निघून जातो, गावात येत नाही. यात नानांच्या मते नुकसान रस्त्याचं आहे. राणी रूपमती धरमपुरीच्या ठाकुरांची लेक, अशी आख्यायिका आहे. नाना तिच्याबद्दल मागच्या गल्लीत दिलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलतात. ‘पोरीचं फार वाईट झालं हो,’ म्हणतात, आणि माळव्यावर चालून आलेल्या आदम खानाला अशी एक शिवी देतात की 1561 सालची घटना कालच्या पेपरात आल्यासारखी वाटावी. पवारांच्या धार संस्थानात धरमपुरी हा एक परगणा होता आणि नानांचे आजोबा तिथे कारकून होते. संस्थान 1948 साली मध्य भारतात विलीन झालं. नानांच्या बोलण्यात ते अजून झालेलं नाही.

असे हे नाना 2024च्या उन्हाळ्याअखेर माईंना घेऊन लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का. आपल्या गोष्टीतली म्हातारी लेकीकडे जाऊन जाडजूड झाली आणि भोपळ्यात बसून परत आली. नानांचाही तोच बेत होता, फक्त परतीचं तिकीट दुबईमार्गे होतं. मी तेव्हा नोकरीनिमित्त त्याच गावात राहत होतो, त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांदेखत घडलं.

ऑक्टोबर लागला आणि समोरच्या घरी अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहिला. 2020 साली तिथल्या एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानसाखळीने हा प्रकार बाजारात आणला आणि तेव्हापासून त्याचं पीक आलंय. कवटी थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीशी. सकाळी चहाचा कप घेऊन नाना खिडकीशी गेले आणि कप तसाच ठेवून आत आले. ‘समोर कुणी गेलं का गं?’ त्यांनी लेकीला हळूच विचारलं. मग शेजारच्या हिरवळीवर थडगी उगवली. पलीकडच्यांनी झुडपांवर कोळ्याची जाळी पसरली, तेव्हा माईंना भरून आलं. ‘एवढी नोकरी करणारी बाई, जळमटं काढायला सवड तरी कधी मिळणार,’ म्हणाल्या.

लेकीने दोघांना बसवून हॅलोविन समजावून सांगितलं. 31 ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी सगळ्या संतांचा सण, त्याची ही आदली रात्र. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, सुगी संपून हिवाळा लागताना मेलेली माणसं घराकडे फिरकतात अशी तिथली समजूत. ती लोकं सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला, तो मोठाही होता आणि कोरायला सोपाही. मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात, खाऊ मागतात, नाही दिला तर खोडी काढू अशी धमकी देतात. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली तेव्हा हे सगळं थंडावलं होतं, साखर सुटली तशी पोरंही सुटली.

नानांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पानाचा डबा उघडावा तसं तोंड उघडलं. ‘अगं, हे तर आपल्या धरमपुरीत पहिल्यापासूनच आहे!’

नेहमीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नाही. पण खरी पंचाईत पुढेच होती. या वेळी नाना बरोबर होते.

मेलेली माणसं घरी येतात? मग पितृपक्षात कोण येतं? त्याच पंधरवड्यात मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, फुलापानांनी सजवतात, रोज संध्याकाळी एकमेकींच्या दारी जाऊन गाणी म्हणतात. तो संपतो न संपतो तोच नवरात्रात घडल्या. भोकं पाडलेलं मडकं, आत दिवा. ते डोक्यावर घेऊन मुलींचा घोळका घरोघर गात जायचा आणि धान्य, पैसे, जे मिळेल ते घेऊन यायचा. अंधाऱ्या गल्लीतून शंभर डोळ्यांचं ते मडकं हलत येताना दिसलं की तान्ही पोरं आईच्या पदरात शिरायची. ‘आता सांग,’ नाना म्हणाले, ‘भोकं पाडून आत दिवा कुणी आधी ठेवला? आणि सलगम? सलगमात दिवा लावायचा म्हणजे गरिबीची हद्द आहे.’ भोंडल्याची खिरापत, नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांना मिळणारा बोजारा, कोकणातला शिमग्याचा पोस्त, हे सगळे त्यांनी साक्षीदार म्हणून एकामागून एक उभे केले. तहसिलीबाहेरचे असूनही, यावरून त्यांचा उत्साह ओळखावा. धमकीचा मुद्दा निघाला, तर होळीला लाकडं न देणाऱ्याच्या अंगणातलं फाटक रात्रीतून कसं नाहीसं व्हायचं, हेही त्यांनी सांगितलं. फाटक कोण न्यायचं हे सांगितलं नाही.

भुतांच्या बाबतीत तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ‘विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ कुठला? आमच्या शेजारच्या उज्जैनचा. आमचं भूत गोष्ट सांगतं, गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतं, उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं करतं. तुमचं हे बघा, बारा फूट उंच आणि तोंडातून शब्द नाही!’

त्या रविवारी देवासच्या अक्कांचा व्हिडिओ कॉल आला. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना स्वतःच्या डोक्यावरच्या घडल्याचं वर्णन जावयाला ऐकवत होते, ते अक्कांनी फोनमधूनच ऐकलं.

‘नान्या, तुझ्या डोक्यावर कुठला घडल्या? तो मुलींचा. दोनदा हातात दिला होता, दोन्हीदा फोडलास. तू चिंचेवर बसून आम्ही आलो की भों करायचास. आणि पळताना आमची ज्वारी घेऊन पळायचास.’

नानांनी ‘रेंज जाऊन राहिलीय’ असं म्हणून फोन बंद केला. रेंज उत्तम होती.

आता नानांना घडल्या करून दाखवायचाच होता. मडकं मिळेना. बागेच्या दुकानातून मातीची कुंडी आणली, जावयाचं ड्रिल मशीन लावलं. तिसऱ्या भोकाला कुंडीची दोन शकलं झाली. अक्कांना कळवलं नाही. मग भोपळ्यावर तडजोड झाली. माईंच्या माहेरी आख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची रीत, त्यामुळे तो मान नानांकडे आला. जावई डोळे-नाक-दातांचा छापील नमुना घेऊन आला होता, तो नानांनी परत पाठवला. डोळे नाहीत, दात नाहीत. सुताराच्या गिरमिटाने सरळ रांगेत भोकं. वरून चार, मधे सहा, मग पुन्हा चार. भोकाच्या कडा चाकूच्या टोकाने साफ करायच्या, नाहीतर उजेड फाटतो, असं ते म्हणाले. एरवी बढाया मारणारा हा माणूस तासभर एक शब्द न बोलता खाली मान घालून भोकं पाडत होता. माई समोर बसून परातीत गर गोळा करत होत्या. समोरच्या बाईने आपल्या भोपळ्याचा गर काळ्या पिशवीत भरून फेकलेला त्यांनी पाहिला होता आणि गर टाकून साल जपणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत कायमचं बनलं होतं. रात्री घारगे झाले. समोर डबा गेला. डबा रिकामा परत आला आणि मागोमाग ती बाई तीन भोपळ्यांचा गर घेऊन आली.

त्या वर्षी नरक चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली. पहाटे न्यू जर्सीच्या थंडीत उटणं लावून अभ्यंगस्नान, कारीट न मिळाल्याने पायाखाली एक चेरी टोमॅटो, आणि संध्याकाळी भुतांचं स्वागत. गोव्यात त्याच रात्रीच्या आसपास पोरं अक्राळविक्राळ नरकासुर जाळतात, तेव्हा एकूण तिथीला शोभेसंच चाललं होतं. हॅलोविनचा नियम असा की दारावरचा दिवा चालू असेल त्याच घरी मुलं येतात. नानांच्या लेकीकडे आकाशकंदील, चाळीस पणत्या, वर विजेची माळ आणि पायरीवर शंभर डोळ्यांचा भोपळा. मुलांना वाटलं, या घरात खाऊची खाण आहे.

मुलं आली आणि नाना खुर्ची टाकून बसले. शेजारी लेकीने आणलेली चॉकलेटांची टोपली, तिच्याखाली लपवलेला चकल्यांचा डबा. अनोळखी घरचं उघडं खाणं मुलांना देत नाहीत, वेष्टनातलंच द्यायचं, हे लेकीने चारदा बजावलं होतं. नानांनी त्यावर चकल्या झिपवाल्या पिशव्यांत भरल्या होत्या. वेष्टन झालं.

‘नाव काय तुझं? कुठला तू? वडील काय करतात?’

समोर स्पायडरमॅन उभा होता. त्याने आपल्या आईकडे पाहिलं. रहस्य न फोडण्याची त्याला सवय असावी, पण नानांपुढे तोही गळाला आणि वडील दाताचे डॉक्टर असल्याचं त्याने कबूल केलं. ‘मग चकलीच घे,’ नाना म्हणाले, ‘चॉकलेटने दात किडतात.’ पुढचा नियम गाण्याचा होता. आमच्याकडे गाणं म्हटल्याशिवाय धान्य मिळत नसे, तुम्हीही म्हणा. लेक आतून ‘नाना, नको!’ म्हणत होती, जावई रांग मोजत होता, आणि रांग तर वाढतच होती, कारण गाणाऱ्यांना बघायला थांबलेली मुलंही तिच्यात उभी राहत होती. एका चेटकिणीने पियानोच्या क्लासमधलं काहीतरी गुणगुणलं. दोन राजकन्यांनी मिळून एक गाणं सुरू केलं आणि मधेच भांडल्या. मग सहा वर्षांचा एक हिरवा डायनासोर पुढे आला, शेपूट सावरत उभा राहिला, आणि त्याने शाळेत पाठ केलेलं अमेरिकेच्या पन्नास राज्यांचं गाणं सुरू केलं. वर्णानुक्रमाने. एकही राज्य न गाळता. आम्ही सगळे थंडीत कुडकुडत वायोमिंगची वाट बघत होतो. नाना मात्र ताल धरून बसले होते. संपल्यावर त्यांनी डायनासोरच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला दोन पिशव्या चकल्या आणि वर माईंच्या ताटातला एक घारगा दिला. बिनवेष्टनाचा. त्याच्या आईने तो तिथेच अर्धा मोडून खाल्ला, म्हणून निभावलं.

इथेच गोष्ट संपली असती तर नाना फक्त अर्धे कळले असते. या जातीचा दुसरा गुणधर्म परतल्यावर दिसतो. अमेरिकेत धरमपुरीचे दाखले देणारा माणूस धरमपुरीत उतरला की अमेरिकेचे दाखले देऊ लागतो. पोस्टात रांग मोडली की ‘एडिसनला असं नाही.’ नर्मदेच्या घाटावर केर दिसला की ‘तिथे दंड करतात.’ सकाळी पोह्यांच्या गाडीवर गावकरी त्यांना आता ‘अमेरिकावाले’ म्हणतात, आणि शेव जरा जास्त घातली तरच ऐकून घेतात.

पुढच्या वर्षी दिवाळीला मी इंदूरला होतो, तिथून धरमपुरीला गेलो. नानांनी बॅगेतून रबरी हात, एक कवटी आणि जाळ्यांची दोन पाकिटं आणली होती. 31 ऑक्टोबर होता आणि दुसऱ्या दिवशी देवउठनी ग्यारस. देव उठायच्या आदल्या रात्री नानांनी भुतं उठवली. ओसरीच्या खांबाला कवटी, कडीत अडकवलेला हात, तुळशीवृंदावनापासून दारापर्यंत जाळी. माईंनी तुळशीपुरती जाळी काढायला लावली, दुसऱ्या दिवशी तिचं लग्न लावायचं म्हणून.

एडिसनमध्ये सांगाडा म्हणजे गंमत, कारण तिथे त्याला कुणी घाबरत नाही. इथे दूधवाला कोपऱ्यावरूनच बरणी ठेवून परत गेला. शेजारच्या भाभींनी हात पाहिला आणि नानांच्या घरावर कुणीतरी टोटका केल्याची खात्री पटून थेट बडव्याला, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाला, फोन लावला. तासाभरात पाच-सात माणसं फाटकाशी जमली. कुणी लिंबू सुचवलं, कुणी पोलीस. नाना मधे उभे राहून ‘अरे भिया, तिथे घरोघर असतं हे!’ असं सांगत होते, आणि त्यामुळे गावाचं अमेरिकेबद्दलचं मत बिघडत चाललं होतं.

मुलं मात्र आली. मुलांना कुठल्याही देशात खाऊचा वास येतो. दहा-बारा जणांचा घोळका, तोंडाला पावडर, एकाच्या अंगावर आजीचं पांढरं पातळ. नाना खुलले. खुर्ची ओढली, डबा मांडीवर घेतला.

‘आधी गाणं.’

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. पातळवाल्याने खिशातून मोबाइल काढला आणि विचारलं, ‘नाना, कोणतं वाजवू?’

नाना ताडकन उभे राहिले. ‘वाजवतोस काय, लाज नाही वाटत? अमेरिकेत डायनासोर स्वतः गातात!’