दुर्मिळ आहे, ऐकू नका

केसरबाई केरकरांची भैरवी माणसाने १९७७ साली अंतराळात धाडली. ‘जात कहाँ हो’ हे त्यांचं साडेतीन मिनिटांचं मुद्रण नासाच्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर आहे. व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला उडालं, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यान मात्र चालतच राहिलं आणि २०१२ मध्ये सौरवाऱ्याच्या अंमलाबाहेर पडलं. आता तिकडच्या कुणा परग्रहवासीयाला ही भैरवी फुकट मिळेल, वर ती वाजवायची सुई आणि कशी वाजवावी याच्या आकृत्याही मिळतील. त्याला कुणी विचारणार नाही, की बाबा रे, तुझ्याकडे काय आहे?

दादरच्या माणसाचं नशीब एवढं थोर नाही. त्याला केसरबाईंची एखादी खाजगी बैठक हवी असेल तर आधी त्याला आमच्या संग्राहकांच्या समूहात शिरावं लागतं. समूहाचं नाव सांगायची आम्हाला मुभा नाही. प्रवेशासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते आणि उमेदवाराने स्वतःच्या संग्रहाची यादी द्यायची असते. यादीत बाजारात मिळणाऱ्या गोष्टी असतील तर अर्ज बाद. कारण जे दुकानात मिळतं ते संगीत, आणि जे कुणालाच मिळत नाही ते दुर्मिळ संगीत. आमचा संबंध फक्त दुसऱ्याशी.

आता सभासद झालात म्हणून लगेच काही मिळेल असं समजू नका. आधी नुसता सुगावा लागतो. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका रात्री अकराच्या सुमारास लिहितात, ‘आज मन्सूरअण्णांचा बिहागडा ऐकत होतो. १९६०च्या आसपासची बैठक. असो.’ हे ‘असो’ फार महत्त्वाचं. त्यानंतर विनवण्या सुरू होतात. काका दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी फाइल येते, पण शेवटची द्रुत चीज कापलेली असते. शेजारणीला पदार्थाची कृती सांगताना एक जिन्नस हटकून विसरावा, तसं हे. आणि फाइलखाली ओळ असते : ‘कृपया कुठेही फॉरवर्ड करू नये ही विनंती.’ ही ओळ काकांची नव्हे. ती त्यांना ज्यांनी पाठवली त्यांची आहे, त्यांनाही ती आधीच्याकडून आलेली आहे. बिहागड्याइतकीच तीही परंपरेने उतरली आहे.

मूळ रेकॉर्डिंग कुणाचं, हा प्रश्न समूहात विचारायचा नसतो. मन्सूरअण्णांनी गायलं, कुणा यजमानाच्या दिवाणखान्यात गायलं, कुणीतरी तक्क्याआड स्पूलचं यंत्र ठेवलं. गाणाऱ्याला विचारलं होतं का, याची नोंद कोणत्याही संग्राहकाकडे नाही. तरी सगळे म्हणतात, ‘माझं रेकॉर्डिंग’. गायकाच्या हक्काबद्दल आपल्या कायद्यात १९९४ साली तरतूद झाली. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर तर प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मालकी चालते. आमच्या समूहातली मालकी त्याहून कडक आहे. तिला मुदत नाही आणि ती वारसाहक्काने जाते. मैफलीत मधूनच ऐकू येणारं ‘क्या बात है’ म्हणजे आपला मामा, असं सांगणारेच चार सभासद आहेत. मामा एकच आहे, भाचे चार. माइक त्या मामाच्या जवळ असल्याने गायकापेक्षा त्याचाच आवाज स्वच्छ आला आहे, हेही खरं.

गौहरजानला हे सगळं आधीच कळलं असावं. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रक गायझबर्गने तिचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तीन मिनिटांत ख्याल उरकून ती शेवटी आपलं नाव इंग्रजीत खणखणीत सांगून टाकायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि कुठली तबकडी कुणाची हे तिथल्या लोकांना कळायला हवं, म्हणून. पुढच्या गवयांनी ही सवय ठेवली असती आणि नावासोबत राग, साल, गावही सांगितलं असतं, तर आमच्या समूहाला निम्मा वेळ झोपायला मिळाला असता. फाइलवर ‘अज्ञात राग, भाग ३’ एवढंच असतं. मग सावनी की बिहागडा, यावर पहाटेपर्यंत जुंपते. जयपूरवाल्यांचे जोडराग हे आमच्या समूहासाठीच जन्माला आले असावेत अशी शंका येते.

त्यातून पट्टीचा वाद वेगळाच. स्पूलचं यंत्र सहा टक्के जलद धावलं की गाणं अर्ध्या सुराने वर चढतं. काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. आमच्यातल्या एका विद्वानाने यावरून ‘मध्यमवयात बुवांनी पट्टी वाढवली’ असा सिद्धान्त मांडला होता. त्याच टेपवरचा निवेदकही त्या वयात बायकी आवाजात बोलू लागला होता, याकडे कुणीतरी लक्ष वेधलं, तेव्हा लक्ष वेधणाऱ्याला समूहातून काढण्यात आलं.

आता थोडं गंभीरपणे. फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्ये आली आणि पुढे आपल्याकडे घरोघर पोचली. तेव्हा गाणं मागायला माणूस कोरी सी-९० घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचा. दोन डेक तारेने जोडायचे. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागत, त्यामुळे देणारा आणि घेणारा दोघांनाही ते गाणं झक मारत ऐकावं लागे. मध्ये चहा यायचा, एखाद्या जागेवर दोघं एकमेकांकडे बघायचे. पंचेचाळीस मिनिटं झाली की बाजू संपायची, बरोबर द्रुत रंगात आल्यावर. त्या पिढीतल्या कित्येकांना आजही तो ख्याल प्रत्यक्ष मैफलीत ऐकताना त्या जागी ‘खट्’ ऐकू येतं आणि हात कॅसेट उलटायला पुढे जातो. आवाज खरखरीत, खोके बुरसटलेले, वेष्टणावर बॉलपेनने लिहिलेलं ‘कुमार, देवास, मागे थोडे वसंतराव’. पण ऐकलेलं असायचं.

पुढे दुप्पट वेगाने उतरवणारे टू-इन-वन आले. घरात पाऊण तास उंदीर ताना घेत असल्यासारखा आवाज व्हायचा, आणि ऐकायचं ‘नंतर’ असं ठरायचं. घात तिथेच झाला. मग एमपी-थ्रीच्या सीडी आल्या, एका सीडीवर अख्खं घराणं. आता हार्डडिस्क. आमच्या समूहातल्या एका सज्जनांकडे इतकं संगीत आहे की ते सलग ऐकायला त्यांना आणखी एक जन्म लागेल, आणि त्या जन्मातही ते नवीन गोळा करतील अशी त्यांच्या घरच्यांना भीती आहे. ते स्वतः ऐकत नाहीत, त्यांना कॅटलॉगमधून वेळ मिळत नाही.

न ऐकण्याचे आम्ही काही शिष्टाचार केले आहेत. सत्तर मिनिटांची फाइल पडली की मिनिटाच्या आत ‘अप्रतिम! डोळे पाणावले!’ असं लिहावं. दुसऱ्याने ‘हे स्वर्गीय आहे’ म्हणावं. तिसऱ्याने ‘आता असं गाणं होणे नाही’ म्हणून विषय संपवावा. मध्यंतरी एका सभासदाच्या हातून अमीर खाँसाहेबांच्या मारव्याऐवजी स्वतःच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचं रेकॉर्डिंग पडलं. पाण्याच्या टाकीवरून तासभर भांडण. खाली प्रतिक्रिया आल्या : ‘काय ती संथ आलापी!’ न्यू जर्सीहून एकांनी विचारलं, तबल्यावर कोण?

न्यू जर्सीचा हा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की ते संध्याकाळी सहाला मारवा टाकतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेतीन-साडेचार झालेले असतात. यामुळे समयचक्राचा भंग होतो, असा ठराव मांडला गेला होता. फाइल तिथल्या सूर्याप्रमाणे मानावी की इथल्या, याचा निकाल अजून लागलेला नाही. मारवा तोवर कुणी उघडलेला नाही.

ध्वनीच्या शुद्धतेचंही आमच्याकडे मोठं प्रस्थ आहे. एमपी-थ्री म्हटलं की नाक मुरडायचं, फ्लॅक असेल तरच हात लावायचा. म्हणून काही हुशार मंडळी जुनी १२८ केबीपीएसची एमपी-थ्री घेतात, तिची फ्लॅक करतात आणि ‘शुद्ध प्रत’ म्हणून पाठवतात. जे एकदा गाळून टाकलं ते परत येत नाही, फक्त फाइल फुगते. पण फुगलेली फाइल बघून ‘आता तंबोऱ्याच्या जव्हारीचे सगळे पदर ऐकू येतात’ असं लिहिणाऱ्यांत एक निवृत्त ध्वनिअभियंता आहेत, हे मला जास्त लागलं.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. एवढा मोठा गवई, पण त्यांच्या आवाजाचं एकही मुद्रण मागे राहिलं नाही. आमच्या समूहात ते दर दोन वर्षांनी सापडतं. म्हणजे प्रत्यक्ष कुणी ऐकलेलं नसतं. ज्यांनी ऐकलं त्यांना ओळखणारे मात्र पुष्कळ असतात. ‘योग्य वेळी बाहेर येईल’, एवढंच सांगण्यात येतं. योग्य वेळ म्हणजे बहुधा ती, जेव्हा टेपवरची चुंबकी पूड गळून पडलेली असेल आणि संग्राहकाचा मुलगा सगळं रद्दीवाल्याला किलोवर देईल. चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात तबकड्या, स्पूल कुठून येतात, याचा संग्राहकांनी कधी विचार केलेला दिसत नाही. बहुतेक त्या दुसऱ्या संग्राहकांच्या घरूनच येतात.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर आजोबांच्या मैफलींचे स्पूल असतील, तर पुढच्या पावसाळ्याआधी ते खाली काढा, जाणत्या माणसाकडून उतरवून घ्या, गाणाऱ्याच्या घरच्यांना एक प्रत द्या आणि बाकीच्या मागेल त्याला, यादी न विचारता द्या. आमच्या समूहात मात्र टाकू नका. तिथे त्या कुणी ऐकणार नाही.